जन्मात थेंब नाही

गेल्या वर्षी आखाडातल्या एका रविवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास, मांडवगण फराट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ढाब्यात मी नव्वद मिलिलिटर व्हिस्की प्यायलो. त्याआधीचे दोनशे सहा दिवस मी प्यायलो नव्हतो. त्या दिवसापासून सदतीस दिवस मी थांबलो नाही.

तिन्ही वाक्यं खरी आहेत. गावात फक्त पहिलं आणि तिसरं सांगितलं जातं. दुसरं कुणी सांगत नाही. बराच काळ मीही सांगत नव्हतो. मला राग आहे तो याचा.

एकोणीस वर्षं मी शिरूर तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. ग्रामपंचायत, बिबट्या, पाण्याचं आवर्तन, अपघात. त्यातली शेवटची आठ वर्षं मी बातमी पाठवून पीत असे, आणि शेवटची तीन वर्षं पिऊन बातमी पाठवत असे. आदल्या डिसेंबरात बायकोनं आणि नदीपलीकडच्या राहू गावात राहणाऱ्या तिच्या भावानं मला दौंडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. मी विरोध केला नाही. विरोध करण्याइतकं नीट उभंही राहता येत नव्हतं.

केंद्रातले समुपदेशक रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात रेल्वेचा जुना हिरवा कंदील, आणि टेबलावर शेंगदाण्याचा डबा. ते स्वतः अकरा वर्षं प्यायले नव्हते. त्याआधी दोनदा सोडून दोनदा परत प्यायले होते, आणि हे ते आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

"कायमची सोडली, हे इथं म्हणायचं न्हाई," त्यांनी मला सांगितलं. "आजची सोडली म्हणायचं. उद्याचं उद्या बघू."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"लोकांलाबी तेच."

जानेवारीच्या मध्यावर मी घरी आलो. पुढच्याच रविवारी आप्पांनी बोलावणं धाडलं. आप्पा माझे चुलत चुलते. सोसायटीचे चेअरमन राहिलेले, गावात कुणाचं लग्न ठरायचं असो की बांध कोरल्याचा तंटा मिटवायचा असो, त्यांच्याशिवाय होत नाही. खंडोबाच्या देवळात सात जण बसले होते. माझ्या वर्गातला एक जण, तो आता सोसायटीचा सचिव आहे, हळदीचं ताट घेऊन उभा होता. ताटात भंडारा आणि बेलाची पानं. आमच्याकडं मोठी शपथ बेलभंडारा उचलून घेतात. बांधाच्या तंट्यातही उचलतात. उचलला की विषय संपला. त्यानंतर माणसाला कुणी पुरावा विचारत नाही.

"बोल," आप्पा म्हणाले.

"आज घेणार नाही," मी म्हणालो.

"आज? आज रविवार हाय, देवाचा वार. आज तर आम्हीबी घेत न्हाई. उद्याचं बोल."

माणसं हसली.

"उद्याचं उद्या सांगेन, आप्पा."

"हे काय औषध हाय व्हय, सकाळ-संध्याकाळ घ्यायला? सोडायची तर एकदाच. न्हाईतर सोडली म्हणू नको."

सचिव म्हणाला, "उचल रे पत्रकार. सुट्टं सुट्टं काय बोलतोस."

मी उचलला. उजव्या तळहातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, आणि आप्पा पुढं सांगतील ते शब्द मागून म्हणायचे. जन्मात थेंब घेणार न्हाई. घेतला तर देव बघून घेईल. सातही जणांनी येळकोट केला. मला शाल आणि नारळ दिला. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. एक मिनिट आठ सेकंदांचा तो व्हिडिओ अर्ध्या तासात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. ग्रुपमध्ये चारशेवर माणसं आहेत. बायको देवळात नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं तो व्हिडिओ अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना पाहिला, सोमवारी.

पडताळल्याशिवाय एकही विधान मी कधी छापायला पाठवलं नाही, असा माझा समज होता. त्या रविवारी मी माझ्या उरलेल्या सगळ्या आयुष्याबद्दल एक विधान केलं. पडताळायचं म्हटलं तरी त्यातलं काहीच अजून घडलेलं नव्हतं.

मामांना मी दहा दिवसांनी फोनवर सांगितलं.

"भंडारा उचलला म्हणजे आता एक पेला आन् शंभर पेले एकाच भावाचे झाले," ते म्हणाले. "पहिला गेला की सगळंच गेलं असं वाटंल. वाटलं की दुसऱ्याच्या आधी मला फोन करा."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर ते वाक्य मी विसरलो.

आखाडाचं सांगायला हवं. श्रावण लागायच्या आत मटण आणि दारू उरकून घ्यायची, याला आमच्याकडं आखाड करणं म्हणतात. अमावास्येपर्यंत रोज, देवाचा वार असला तरी, कुणाच्या तरी मळ्यात नाहीतर ढाब्यावर बोकड पडतो. श्रावणात मग गाव कोरडं. आप्पा श्रावणात थेंब घेत नाहीत, आणि ही गोष्ट ते वर्षाचे बाकीचे अकरा महिने सांगतात. जो महिनाभर बंद ठेवू शकतो तो दारुडा नव्हे, हा गावचा निकष. दारुडा म्हणजे मी.

त्या रविवारच्या आखाडाला मी गेलो, कारण त्याआधीच्या तीन आखाडांना जाऊन नुसतं मटण खाऊन आलो होतो. फार अवघड गेलं नव्हतं. या चौथ्याला माझ्या शेजारी सचिव बसला होता.

"घे एक नव्वद," तो म्हणाला. "तू असा कोरडा बसलास की आम्हालाच चोरी केल्यागत वाटतंय."

"तूच ताट धरलं होतंस ना?"

"ताट देवळात धरलं हुतं. देव काय आता ढाब्यावर यायचा हाय व्हय?"

मंडळी हसली. मीही हसलो. पेला त्यानं भरला. उचलला मी. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं मी इतरांवर रागावणार आहे.

पहिल्या पेल्यानं फार काही झालं नाही. चव आठवत होती त्यापेक्षा कडू होती. उठून मोटारसायकलवर बसलो असतो तर चाळीस मिनिटांत घरी पोचलो असतो. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. शपथ जन्माची होती. जन्माची शपथ थोडी मोडत नाही, पूर्ण मोडते. ती मोडली, म्हणजे दोनशे सहा दिवस खोटे. ते खोटे, म्हणजे मी डिसेंबरात होतो तोच आज आहे. मग सांभाळायचं काय राहिलं? हा तर्क मला त्या वेळी अतिशय स्वच्छ वाटला. त्यात एकही पायरी चुकली नव्हती. दुसरा पेला मी तहानेनं प्यायलो नाही, या तर्कावर प्यायलो. तिसऱ्यापासून तर्काचीही गरज उरली नाही.

बाराव्या दिवशी, अमावास्येला, बायको राहूला भावाकडं निघून गेली. जाताना भांडली नाही. कपड्यांची निळी पिशवी घेतली, गॅस बंद केला, माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली. अंगणवाडी आमच्याच गावात आहे, म्हणून ती रोज सकाळी दोन एसटी बदलून नदीपलीकडून यायची, पोरांना सांभाळायची, आणि घराकडं न बघता दुपारी परत जायची. गावानं हे दिवाळीपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. गाव कोरडं झालं आणि मी एकटा पीत राहिलो. श्रावणातल्या पहिल्या रविवारी तो व्हिडिओ कुणीतरी पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मला नव्वद भरून देणाऱ्या सचिवानंही एक हसरा चेहरा टाकला होता. आप्पांनी लिहिलं, 'देवाशी खोटं बोलणाऱ्याला माफी नाही.' मी ते वाचलं, मला ते पटलं, आणि मी देशीच्या दुकानाकडं चालू लागलो. त्या वाक्यानं मी थांबेन असं आप्पांना वाटलं असेल का, हा प्रश्न मी पुढं त्यांना विचारला.

सदतिसाव्या दिवशी मला रक्ताची उलटी झाली. मेहुण्यानं जीपमध्ये घालून दौंडला नेलं. आधी दवाखाना, मग पुन्हा तेच केंद्र.

केंद्राच्या हॉलमध्ये एक फळा आहे. त्यावर दर रविवारी प्रत्येकाच्या खाटेच्या क्रमांकापुढं दारूविना किती दिवस झाले ते लिहितात. माझ्यापुढं दाखल होताना शून्य लिहिलं होतं. त्या शून्याकडं मी दोन दिवस बघत होतो. तिसऱ्या दिवशी मामांच्या खोलीत गेलो.

"तुमच्या सांगण्यानं काही झालं नाही," मी म्हणालो. "सगळं गेलं."

"काय गेलं?"

"दोनशे सहा दिवस."

"कुठं गेले?"

"गेले म्हणजे गेले. शून्य लिहिलंय बाहेर."

"फळा संचालक सरांचा हाय, मी त्यांच्याशी भांडून थकलो. तुम्ही सांगा. एप्रिलमध्ये तुमची बायको आजारी हुती, तिला ससूनला कुणी नेलं?"

"मी."

"पिऊन?"

"नाही."

"मग ते नेलेलं पुसलं गेलं का? का ती गोष्टबी आता झालीच न्हाई?"

मी चिडलो. मला वाटलं, हा माणूस लहान पोराला समजावतोय. मी म्हणालो, हे बोलायला सोपं आहे. ते म्हणाले, सोपंच आहे, अवघड करून कुणाचं भलं झालंय का. मग त्यांनी विचारलं, पेपरात चूक छापली गेली तर काय करता.

"चूकदुरुस्ती देतो."

"आन् पेपर बंद करता का?"

मला ते आवडलं नाही. फार गुळगुळीत होतं. असले दाखले व्याख्यानांत टाळ्या घेतात. मी उठून आलो. पण खाटेवर पडल्यावर डोक्यात दाखला राहिला नाही, चूकदुरुस्तीचे नियम राहिले. ते मला पाठ आहेत. चूक कळली त्याच दिवशी द्यायची. काय छापलं आणि काय बरोबर, एवढंच लिहायचं. चूक का झाली ते लिहायचं नाही, दिलगिरीचा पाल्हाळ लावायचा नाही. आणि एका ओळीची चूक असेल तर एका ओळीचीच दुरुस्ती. त्यासाठी सबंध बातमी मागं घ्यायची नाही. एकोणीस वर्षं हे मी लोकांच्या नावांसाठी आणि उसाच्या टनांसाठी केलं. स्वतःच्या बाबतीत मी एका ओळीसाठी सगळा अंक जाळला होता.

सप्टेंबरच्या शेवटी सुटलो तेव्हा गावी न जाता आधी राहूला गेलो. मेहुण्याच्या ओट्यावर बायको पोह्यांची चाळणी घेऊन बसली होती. शपथ घेतो म्हणालो असतो तर ती उठून आत गेली असती, हे मला माहीत होतं.

"घरी येशील का?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर बघू." तिनं चाळणी खाली ठेवली. "माझं एकच सांगणं आहे. प्यायलात तर त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत मला सांगायचं. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्याकडून कळलं, तर मी परत येणार नाही."

"म्हणजे मी पिणारच, असं तू धरून चाललीस?"

"मी काहीच धरून चालत नाही. जानेवारीत सगळ्या गावानं धरलं होतं की तुम्ही पिणारच नाही. काय झालं त्याचं?"

"आणि सांगितलं तर? तर राहशील?"

"सांगितलेल्या माणसाशी बोलता येतं. जायच्या आधीचे बारा दिवस मी भिंतीशी बोलत होते."

दिवाळीनंतर ती आली. निळी पिशवी रिकामी केली नाही. भरलेली तशीच कपाटावर ठेवली. मी विचारलं नाही. पिशवी वर आहे तोवर ती घरात आहे, आणि ज्या दिवशी खाली येईल त्या दिवशी ती गेली, एवढं दोघांनाही कळत होतं.

चंपाषष्ठीला आप्पांनी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी माझे शंभर दिवस होत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. देऊळ भरलेलं होतं, भरीत-रोडग्याची पंगत उठली होती. सचिव ताट घेऊन उभा. त्याच ताटात भंडारा, त्याच आकाराची पानं.

"आता परत उचल," आप्पा म्हणाले. "देवाची तळी भरू, चूक पदरात घ्यायला सांगू. आन् या टायमाला मोडायची न्हाई."

"मी उचलणार नाही, आप्पा."

सचिवानं ताट आणखी पुढं केलं.

"का रं?"

"आज मी प्यायलो नाही. ते सांगतो. उद्याचं मला माहीत नाही."

"म्हंजी पिणार हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"तसं मी म्हणालो नाही."

"भंडारा उचलायला भ्यालं," सचिव म्हणाला. "लिहायला मातर भीत न्हाई."

मला आवाज चढवायचा नव्हता. चढवला नाही. मी आप्पांना विचारलं, "तुम्ही दारू सोडली का?"

"मी श्रावणात थेंब घेत न्हाई, साऱ्या गावाला ठावं हाय."

"आणि आखाडात?"

"आखाडात समदेच घेत्यात."

"मग तुम्ही अकरा महिने पिता आणि एक महिना नाही. मी गेल्या वर्षात सदतीस दिवस प्यायलो आणि बाकीचे नाही. तुम्हाला पिणारा कुणी म्हणत नाही. मला माफी नाही असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी थांबेन असं वाटलं होतं का तुम्हाला?"

आप्पा उपरणं सारखं करत राहिले. सचिवाकडं वळून मी म्हणालो, "ताट धरणारा तूच, नव्वद भरणारा तूच, हसणारा तूच. चौथं काही राहिलं असेल तर तेही आज करून घे."

"लय शहाणा झालास रे," तो म्हणाला. पण ताट त्यानं खाली ठेवलं.

मी चपला घालून घरी आलो. बायकोला घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "पंगतीत जेवलात का?" मी नाही म्हणालो. तिनं भाकरी वाढली. त्यानंतर आप्पांनी मला कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं नाही, आणि गावात मी भंडाऱ्याला नाही म्हणणारा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागलो. दारू पिणाऱ्यापेक्षा ही ओळख गावाला जास्त लागली. कारण मला समजतं. शपथ मोडणाऱ्याचं काय करायचं ते गावाला माहीत आहे. न घेणाऱ्याचं काय करायचं ते माहीत नाही.

यंदा फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी मी शिरूरला तहसील कचेरीत गेलो होतो. दुपारी दोनला काम संपलं. स्टँडजवळच्या दुकानातून मी एक क्वार्टर विकत घेतली. कुणी आग्रह केला नव्हता. त्या दिवशी वाईट काही घडलं नव्हतं. कारण विचारलं तर आजही सांगता येत नाही. दुकानाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, प्लॅस्टिकच्या पेल्यातून अर्धी प्यायलो. अडीच वाजले होते. एकशे ब्याण्णव दिवसांनंतरची ती पहिली.

अर्धी बाटली पिशवीत घालून मी स्टँडच्या बाकड्यावर येऊन बसलो, आणि तो जुना तर्क आला. शब्दाशब्दानं तोच. गेलंच आहे सगळं. या वेळी जन्माची शपथ नव्हती, तरीही आला. म्हणजे तो भंडाऱ्यातून येत नव्हता, भंडाऱ्यानं त्याला फक्त घर दिलं होतं. हे समजल्यानं ओढ कमी झाली नाही. समोर दुकान दिसत होतं. आमच्या गावची एसटी पावणेपाचची. दिवेलागणीला चार तास होते. मी ठरवू शकत होतो की उद्या सांगेन, किंवा होळी झाल्यावर सांगेन, आणि तोवर जे उरलंय ते संपवेन.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी बायकोला फोन लावला. वाक्यं आधी मनात जुळवून घेतली होती.

"आज दुपारी अडीच वाजता मी प्यायलो. अर्धी क्वार्टर. शिरूर स्टँडवर आहे."

पलीकडं मुलांचा गलका ऐकू येत होता.

"बाकीची अर्धी?"

"पिशवीत आहे."

"कुणी पाजली?"

"कुणी नाही."

पुन्हा गलका. मग ती म्हणाली, "मला आत्ता तुमचा फार राग आलाय. तो मी घरी आल्यावर बोलणार आहे. किती वाजताची गाडी आहे?"

"पावणेपाच."

"मामांना फोन करा. गाडीत बसल्यावर मला परत लावा."

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, दुसऱ्याच्या आधी केला का? मी म्हणालो, अर्धी झाली आहे, दुसरी नाही. ते म्हणाले, मग आधीच केला. उद्या सकाळी या. अर्धी बाटली मी स्टँडच्या नळाखाली ओतली. एक कंडक्टर बघत होता. "कशाला नासवता साहेब," तो म्हणाला, "आम्हाला द्यायची ना." पावणेपाचच्या गाडीत बसलो. सव्वासहाला फाट्यावर उतरलो तेव्हा बायको तिथं उभी होती. घरापर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढं चालली. घरी आल्यावर ती बोलली, आणि जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता.

शनिवारी मी दौंडला गेलो. मी प्यायलो नाही. दुकानाच्या मागं मला कुणीतरी पाहिलं असावं, कारण रविवारी सकाळी तो एक मिनिट आठ सेकंदांचा व्हिडिओ ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. बायकोनं तो पाहिला आणि फोन माझ्यापुढं ठेवला. तिला त्यात नवीन काही नव्हतं. मी व्हिडिओच्या खाली हे लिहिलं:

'चूकदुरुस्ती. वरील व्हिडिओत मी "जन्मात थेंब घेणार नाही" असं म्हटलं आहे. ते विधान पडताळल्याशिवाय केलेलं होतं व ते चुकीचं ठरलं आहे. वस्तुस्थिती अशी: परवाच्या शुक्रवारपर्यंतच्या चारशे छत्तीस दिवसांत मी अडतीस दिवस दारू प्यायलो. तीनशे अठ्ठ्याण्णव दिवस प्यायलो नाही. काल प्यायलो नाही. आज आत्तापर्यंत प्यायलो नाही.'

तासाभरात हसरे चेहरे यायचे थांबले. अकराच्या सुमारास आप्पांचा फोन आला.

"ते काढ," ते म्हणाले. "पै-पाव्हणे हायेत ग्रुपवर. गावाची शोभा व्हती."

"व्हिडिओही तिथंच आहे, आप्पा. दोन्ही राहू द्या."

त्यांनी फोन ठेवला. रविवारी सायंकाळी व्हिडिओ ग्रुपवरून निघालेला होता. कुणी काढला ते समजू शकलं नाही. माझा मजकूर मी काढला नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला बायको अंगणवाडी उघडायला गेली. निळी पिशवी कपाटावर होती.